विकायचे पीक आणि खायचे पीक
(हरसूल, जि. नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आजची बैठक हरसूलला घ्यायची असे आम्ही ठरवले, त्याला कारण आहे. तुम्ही बहुतेक जण कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यातले. इथला शेतकरी आदिवासी : कोकणा, महादेव कोळी, वारली. त्याच्याकडे डोंगरउताराची जमीन, त्यात नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी. तुमचा पाऊस तोकडा, याचा धो धो. पण पावसावरच दोघांचीही शेती. इथे सगळे आलबेल आहे असे कुणी समजू नये. इथेही कुपोषण आहे, दिवाळीनंतर मजुरीसाठी घरे बंद करून जावे लागते. तरी एक गोष्ट इथल्या पुष्कळ घरांनी सोडलेली नाही. बाजारात काय खपेल हे पाहण्याआधी वर्षभर चुलीवर काय शिजेल हे ती पाहतात.

आपण काय करतो? कापूस खाता येत नाही. तो सगळा विकायचा, आलेल्या पैशातून आधी उधारी भागवायची आणि उरलेल्या पैशातून पिशवीतले तेल, पुडीतला मसाला, साखर आणि पोरांच्या हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. जगाला अन्नवस्त्र पुरवणाऱ्याच्या घरात ही तऱ्हा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त! कपाशी वेचणारे हात ते हेच.

यावर शहरातले शहाणे सांगतात, फळे खा, बदाम खा, सेंद्रिय घ्या. ते ऐकायला आपण इथे बसलेलो नाही. ज्याला खर्च झेपत नाही त्याला महागाचा उपदेश करणे ही थट्टा आहे. आम्ही सांगणार आहोत ते बिनपैशाचे किंवा थोडक्या पैशाचे. आणि सगळे एकदम करा असेही म्हणणार नाही.

ज्वारी ताटातून का गेली?

ज्वारी आपल्या आळसाने गेली नाही. तिला भाव नव्हता, खरेदी नव्हती, आणि रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त होता. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असे लिहिलेले आहे. जानेवारी 2023 पासून ते धान्य फुकट झाले. पण दुकानात भरडधान्य दिसते किती? फुकटच्या तांदळाशी घरच्या ज्वारीने स्पर्धा करायची, तर ती हरणारच.

पण हिशेब पाहा. पाच माणसांचे घर. आठवड्यातून तीन दिवस भाकरी. माणशी दिवसाला 300 ग्रॅम पीठ. वर्षाला होतात साधारण सव्वादोन क्विंटल. पाऊस बरा झाला तर दहा-पंधरा गुंठ्यांत एवढे दाणे निघतात, वर बैलाला कडबा. सगळी कपाशी मोडा असे कुणी म्हणत नाही. दहा-पंधरा गुंठे घरच्या ताटासाठी ठेवा, एवढेच.

मात्र पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी विकली जात नाही म्हणून घरात दळू नका. 1995 मध्ये कर्नाटक आणि आंध्रातल्या काही खेड्यांत भिजलेली, बुरशी आलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाब लागले. बुरशीचे विष धुऊन जात नाही, भाजूनही पुरते जात नाही. उपाय शेतातच आहे. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. त्यानंतर ताटावर तो भरत नाही. परतीच्या पावसाची चिन्हे असतील तर तेव्हाच कापा, कणसे उंच जागी वाळवा, आणि दाताखाली दाणा कट्टकन फुटेल तेव्हाच कोठीत भरा.

विष घराबाहेर ठेवा

स्वच्छ अन्नाची आपल्यासारख्यांसाठी पहिली अट हीच. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात एका शाळेत दुपारचे जेवण जेवून 23 मुले दगावली. तपासात स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. हे नाव कपाशीवाल्याला वेगळे सांगायला नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणाऱ्याच्या अंगात जे शिरते ते त्याच्या कपड्यांवरून, डब्यांवरून घरातही येते.

म्हणून औषधाचा रिकामा डबा घरात येता कामा नये. पाण्याला नाही, तेलाला नाही, मिठालाही नाही. तीन वेळा धुवा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, आणि डब्याला भोक पाडून टाका, म्हणजे दुसरा कुणी तो वापरणार नाही.

दुसरे, कपाशीच्या ओळीतली घोळ, तांदुळजा, चवळीच्या शेंगा. आपल्या मायबहिणी निंदता निंदता ओटीत घेऊन येतात. भाजी चांगली, पण काल तिच्यावर काय पडले? पहिल्या फवारणीनंतर कपाशीतले काहीही चुलीवर चढवू नका. ही भाजी सांडपाण्यावर, घरामागच्या चार वाफ्यांत लावा : अंबाडी, चवळी, शेवग्याचे एक झाड, कढीपत्ता. शेवगा एकदा लावला की वर्षानुवर्षे देतो आणि पाणी फारसे मागत नाही.

तिसरे, कोठीतल्या गोळ्या. त्या गोळ्यांचा वायू माणूस मारतो, आणि आपल्याकडे कोठी असते झोपायच्या खोलीत. घरच्या धान्याला ती गोळी नकोच. खडखडीत ऊन, घट्ट झाकण, कडुलिंबाचा वाळलेला पाला, डाळी-कडधान्याला थोडे एरंडेल, एवढ्यावर आपल्या आज्यांनी वर्ष काढले. आणि इथली नागली पाहा. दाणा इतका बारीक की तिला कीड सहसा लागतच नाही. चांगली वाळवली तर वर्षानुवर्षे टिकते.

आहे त्याच ताटात

नागलीचे नाव निघालेच आहे. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. आज परत जाताना हरसूलच्या बाजारातून दोन-चार किलो घेऊन जा. सगळी भाकरी नागलीची नको. ज्वारीच्या पिठात चौथा हिस्सा मिसळा. मोड आणून, वाळवून, दळून ठेवलेले पीठ लहान मुलाच्या पेजेला आणि म्हाताऱ्यांच्या आंबिलीला घ्या. मोड आणल्याने आणि आंबवल्याने धान्यातले लोह अंगी लागायला मदत होते. मटकी-मूग-हुलग्यालाही तोच नियम.

जेवणाला लागून चहा नको. चहामुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. तास-दीड तासाचे अंतर ठेवा, आणि जेवताना लिंबाची फोड पिळा. याला खर्च किती? चहातली साखर मात्र एका चमच्याने कमी करा, तेवढेच पैसे लिंबाला उरतील. तेल कमी वापरा. करडई-शेंगदाणा स्वतःचा असेल तर घाणीवर समोर काढून घ्या. डाळ रोज शिजत नसेल तर शेंगदाण्याची चटणी भाकरीबरोबर रोज ठेवा.

हे ठरवायचे कुणी?

याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला 1986 मध्ये शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले. पुढे नव्वदच्या दशकात शेतकरी चळवळीने सीताशेती आणि माजघर शेती हे शब्द दिले. घरच्या बाईने, बाजारातून निविष्ठा न आणता, छोट्या तुकड्यावर घरासाठी पिकवायचे. आणि त्यावर प्रक्रिया घरातच करायची. त्या शब्दांचे आज काम आहे. घरात शेवटी जेवते तीच, रक्त कमी तिचेच, आणि वावरात काय पेरायचे हे मात्र तिला विचारायचे नाही, हे चालणार नाही. ते दहा-पंधरा गुंठे तिच्या शब्दावर चालू द्या. त्यातला दाणा उधारीत जाणार नाही असे घरधन्याने चार माणसांत कबूल करावे.

आणि सरकारलाही सुटका नाही. 2023 हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. 2024-25 च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला 3371 आणि नागलीला 4290 रुपये हमीभाव जाहीर झाला. कागदावरचा भाव पोटात जात नाही. आपली मागणी सोपी आहे : ज्वारी आणि नागली आमच्याकडून हमीभावाने घ्या आणि ज्या जिल्ह्यात घेतली त्याच जिल्ह्याच्या रेशन दुकानात, अंगणवाडीत, शाळेच्या जेवणात द्या. शेतकऱ्याला भाव आणि त्याच्याच लेकराला सकस घास, दोन्ही एका खरेदीत होतात.

पण त्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. लिंबू आणि डबा या दोन गोष्टींसाठी सरकारची परवानगी लागत नाही. प्रत्येक गावाने आज घरी जाऊन एवढे ठरवावे : औषधाचा एकही रिकामा डबा घरात नाही, आणि येत्या पेरणीत ताटासाठी दहा-पंधरा गुंठे बाजूला. किती घरांनी केले याचा आकडा घेऊन पुढच्या बैठकीला या. आम्ही तो वहीत लिहून घेणार आहोत.