लोकगृहातील एकटा माणूस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



स्वीडनमधील एका साध्या वसाहतीत भल्या पहाटे एक गृहस्थ फेरी मारावयास निघतो. वाहनतळाच्या दारांना कुलपे नीट लागली आहेत की नाहीत, पाहुण्यांच्या जागेत कोणी नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ गाडी उभी केली आहे काय, कचरा ज्या त्या डब्यात पडला आहे काय, हे सारे तो तपासतो. गाड्यांचे क्रमांक वहीत टिपून ठेवतो. हे काम त्याला कोणी सांगितलेले नाही. रहिवासी मंडळाच्या अध्यक्षपदावरून तो केव्हाच दूर झाला आहे. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकावर तो खेकसतो आणि घरी येऊन दार लावून घेतो. शेजारी त्याला खडूस म्हणतात. त्याची पत्नी सहा महिन्यांपूर्वी वारली, याचा विचार मात्र कोणी फारसा करीत नाही.

या गृहस्थाचे नाव ऊवे. फ्रेड्रिक बाकमन या स्वीडिश लेखकाच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा हा नायक आहे. २०१५ साली हान्नेस होल्म यांनी तिच्यावर चित्रपट काढला, त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. २०२२ साली अमेरिकेतही ती कथा पडद्यावर आली. तेथे ऊवेचा ऑटो झाला आणि टॉम हँक्स यांनी त्याची भूमिका केली. जगभर वाचकांनी ही कथा डोळे पुसत वाचली. परंतु केवळ डोळे पुसून बाजूला ठेवावी अशी ती नाही. समाजवादी चळवळीने स्वतःला विचारावयास हवेत असे काही प्रश्न तिच्यात दडलेले आहेत, आणि ते सर्वांत यशस्वी मानल्या गेलेल्या कल्याणकारी राज्याच्या अंगणातून विचारले गेले आहेत.

पर अल्बिन हान्सन या समाजवादी नेत्याने १९२८ साली स्वीडनच्या संसदेत ‘लोकगृहा’ची कल्पना मांडली. राष्ट्र हे घरासारखे असावे, आणि चांगल्या घरात जसा कोणी लाडका नसतो व कोणी सावत्र नसतो, तसे ते चालावे, हे त्या भाषणाचे सार होते. १९३२ साली तो पंतप्रधान झाला. तेव्हापासून १९७६ पर्यंत, १९३६ च्या उन्हाळ्यातील काही महिने वगळता, सरकारचे नेतृत्व सोशल डेमोक्रॅट पक्षाकडेच राहिले. निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा, शिक्षण या गोष्टी दान म्हणून नव्हे तर हक्क म्हणून नागरिकाच्या पदरात पडल्या. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत सुमारे दहा लक्ष घरे बांधली गेली. लोकसंख्या त्या वेळी अवघी ऐंशी लक्षांच्या आसपास असलेल्या देशाने ही किमया केली, हे विसरता कामा नये.

ऊवे हा या लोकगृहाचा पुत्र होय. त्याचे वडील रेल्वेत कामाला होते. आई लहानपणीच गेली आणि सोळाव्या वर्षी वडीलही अपघातात गेले. मुलगा वडिलांच्या जागी रेल्वेत राबू लागला. सापडलेला पैसा परत करावयाचा आणि दुसऱ्याच्या गुन्ह्याची चहाडी करावयाची नाही, हे दोन धडे त्याला वडिलांकडून मिळाले. दुसऱ्याने केलेल्या चोरीचा आळ त्याच्यावर आला, तरी त्याने चोराचे नाव सांगितले नाही. त्यापायी त्याची दिवसपाळीची जागा गेली आणि तो रात्री गाड्या साफ करू लागला. पुढे एका सकाळी स्थानकावर त्याला सोन्या भेटली. ती पुस्तके वाचणारी, मोठ्याने हसणारी, शिक्षिका होऊ पाहणारी तरुणी होती. हा हाताने करता येईल तेवढेच खरे मानणारा, अबोल. दोघांचा संसार झाला.

मूल व्हावयाच्या सुमारास दोघे स्पेनच्या सहलीला गेले. तेथे बसला अपघात झाला. सोन्याच्या पोटातले मूल गेले आणि तिचे पायही कायमचे गेले. ऊवेने सरकारांना, पोलिसांना, न्यायालयांना, ज्याला ज्याला पत्र धाडता येईल त्याला धाडले. जबाबदारी कोणीच घेतली नाही. सोन्याने परीक्षा पुरी केली आणि ती शिक्षिका झाली. तिच्या चाकांच्या खुर्चीसाठी शाळेच्या दाराशी उतार बांधून द्यावा, एवढी साधी मागणीही अर्जांच्या ढिगाखाली अडकून पडली. तेव्हा एका रात्री ऊवेने स्वतः जाऊन तो उतार बांधला.

ज्या राज्याने दहा लक्ष घरे बांधली, त्याच राज्यात एका शिक्षिकेला शाळेत शिरण्यासाठी चार हात लांबीचा उतार मिळेना. हा विरोध लेखकाने रागाने मांडलेला नाही, परंतु तो नजरेआड होत नाही. कादंबरीभर ऊवेच्या वाटेत येणाऱ्या अधिकाऱ्यांना लेखकाने ‘पांढऱ्या सदऱ्यांची माणसे’ म्हटले आहे. मराठीत पांढरपेशा हा शब्द आहेच. या माणसांपैकी कोणीही लाच खात नाही. प्रत्येक जण नियमावर बोट ठेवून बोलतो. समोरचा माणूस मात्र त्यांना दिसत नाही.

उतारवयात ऊवेवर दोन आघात झाले. सोन्या कर्करोगाने गेली. त्यानंतर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, जवळजवळ एक तृतीयांश शतक जेथे काम केले तेथून त्याला घरी बसविण्यात आले. आता जरा विश्रांती घ्या, असे गोड शब्दांत सांगून. निवृत्तिवेतनाची भ्रांत त्याला नाही. परंतु सकाळी उठून जावयाचे कोठे, हा प्रश्न कोणत्याही वेतनाने सुटत नाही. तो जन्मभर साब कंपनीची मोटार चालवीत आला. कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या आदल्या वर्षीच, डिसेंबर २०११ मध्ये, साब मोटार कंपनीचे दिवाळे वाजले होते. त्याआधी ती अमेरिकन कंपनीच्या हाती जाऊन परत विकली गेली होती. तिची प्रतिस्पर्धी व्होल्वो मोटार १९९९ साली अमेरिकन मालकाकडे आणि २०१० साली चिनी मालकाकडे गेली. कामगार कंपनीशी निष्ठा ठेवतो, भांडवल कोणाशीच ठेवीत नाही, हे सांगण्यासाठी यापरते भाष्य नको. जगण्यात आता काही उरले नाही असे ऊवेने ठरविले आहे, आणि ते ठरवतानाही वसाहतीतील कोणाला आपला त्रास होऊ नये याची काळजी तो घेतो. एकाकीपणा माणसाला किती व्यवस्थित करून टाकतो, हे या ठिकाणी दिसते.

अशा वेळी शेजारी नवे बिऱ्हाड येते. नवरा पॅट्रिक स्वीडिश, कोणतेही काम हाती घेतले की बिघडवणारा. पत्नी परवाने इराणी, गरोदर, दोन मुलींची आई. इराणातील १९७९ च्या क्रांतीनंतर आणि १९८० ते १९८८ च्या युद्धात अनेक इराणी कुटुंबांनी स्वीडनमध्ये आसरा घेतला, त्या इतिहासाची सावली तिच्यामागे आहे. फारसीत परवाने म्हणजे पतंग. त्याच रूपाच्या दुसऱ्या शब्दावरून मराठीत ‘परवाना’ आला आहे. ऊवेच्या घरात शिरावयास या बाईने कोणाचाच परवाना मागितला नाही. पॅट्रिकने सामानाचा ट्रेलर ऊवेच्या दारात वेडावाकडा घुसविला, तेव्हा ऊवेने शिव्या देत तो स्वतः मागे घेऊन लावून दिला. दुसऱ्या वेळी ती केशरी भाताचे ताट घेऊन आली. नंतर शिडी हवी झाली. मग पॅट्रिक शिडीवरून पडला, तेव्हा दवाखान्यात पोहोचवणारा हवा झाला. पुढे तिला मोटार शिकावयाची होती.

या कथेचा सारा मर्म येथे आहे. परवाने ऊवेला मदत करावयास येत नाही, ती त्याच्याकडे मदत मागावयास येते. तुम्ही फार दुःखी आहात, तुमच्यासाठी काय करू, असे तिने विचारले असते, तर त्याने दार तोंडावर आपटले असते, आणि ते योग्यच झाले असते. ज्याला सहानुभूती दाखविली जाते तो खाली राहतो. ज्याच्याकडे काही मागितले जाते तो बरोबरीला येतो. आद्रियान नावाच्या पोराची सायकल दुरुस्त करावयाची आहे. वडिलांनी घराबाहेर काढलेल्या मिर्सदला रात्री झोपावयास जागा हवी आहे, आणि त्याचा अपराध एवढाच की त्याचे प्रेम दुसऱ्या पुरुषावर आहे. एका भटक्या मांजरालाही छप्पर हवे आहे. ऊवे प्रत्येक वेळी कुरकुरतो आणि प्रत्येक वेळी काम करतो. त्याने आपले सगळे पूर्वग्रह टाकून दिले आहेत असे नाही. परंतु समोर माणूस उभा राहिला की पूर्वग्रहापेक्षा काम मोठे ठरते.

रूने हा ऊवेचा जुना मित्र. दोघांनी मिळून रहिवासी मंडळ उभे केले आणि मग दोघे भांडले. एक साबवाला, दुसरा व्होल्वोवाला. रूनेने पुढे जर्मन बीएमडब्ल्यू घेतली तेव्हा तर बोलणेच खुंटले. वरवर हे भांडण हास्यास्पद आहे. त्याच्या तळाशी मात्र एकाचे न जन्मलेले मूल आणि दुसऱ्याचा दूर गेलेला मुलगा आहे. चळवळीत वर्षानुवर्षे एकत्र राबलेली माणसे एखाद्या ठरावाच्या शब्दावरून कायमची दुरावतात, तेव्हाही शब्द हे निमित्तच असते. आता रूनेला विस्मृतीचा आजार जडला आहे. पत्नी अनिता त्याला सांभाळते आहे, आणि पांढऱ्या सदऱ्याचा अधिकारी त्याला तिच्याकडून काढून संस्थेत न्यावयास निघाला आहे. निर्णय झालेला आहे, असे तो सांगतो. निर्णय कोणी केला, हे सांगत नाही.

ऊवे एकटा लढला असता तर पूर्वीप्रमाणे हरला असता. त्याची आयुष्यभराची सारी पत्रे निरुत्तर राहिली होती. या वेळी मात्र वसाहत त्याच्यामागे उभी राहते. स्थानिक वृत्तपत्राची बातमीदार त्या अधिकाऱ्याच्या व्यवहाराचे कागद शोधून काढते, शेजारी दारात गोळा होतात, आणि अधिकाऱ्याला माघारी जावे लागते. संख्या, माहिती आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी एकत्र आल्या की मस्तवाल नोकरशाहीही नमते. संघटनेचा हा पहिला धडा एका खडूस म्हाताऱ्याला शेजाऱ्यांनी शिकविला.

येथे एका गैरसमजाचा परिहार करावयास हवा. या कथेतून काही लोक असा निष्कर्ष काढतील की शेजारधर्म असला म्हणजे राज्याची गरज काय? कल्याणकारी खर्च कमी करा, माणसे एकमेकांना सांभाळतील. हा युक्तिवाद जितका गोड तितकाच घातक आहे. परवानेच्या बाळंतपणासाठी, ऊवेच्या दुबळ्या हृदयासाठी इस्पितळ लागते, आणि ते केशरी भाताच्या ताटाने उभे राहत नाही. शेजारी इस्पितळाची जागा घेऊ शकत नाही. तसेच इस्पितळ शेजाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमले. प्रश्नाचे गांभीर्य त्यावरून कळते. पण मंत्री भात घेऊन दारी येत नाही. समाजवाद म्हणजे केवळ वाटपाची व्यवस्था नव्हे, तो माणसामाणसांतील संबंधांचाही विचार आहे. आणि वाटप उत्तम झाले तरी संबंध आपोआप उगवत नाहीत, हे स्वीडनच्या या कथेचे सांगणे आहे.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नव्हे. खलपुरुष एक अधिकारी ठरतो आणि ज्या मालकाने ऊवेला घरी बसविले तो पडद्याआड राहतो. कामगार संघटना त्याच्या बाजूने उभी राहताना कोठे दिसत नाही. जेथे संघटित कामगारांचा पक्ष चार दशके सत्तेवर होता, तेथील कामगाराला अखेरच्या संकटात आठवतो तो शेजारी, संघटना नव्हे! लेखकाने हे मुद्दाम केले असो वा नसो, चळवळीने ते टोचून घ्यावयास हवे.

मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने हजारो कामगारांचे काम गेले. चाळींच्या जागी पुढे मनोरे उभे राहिले. चाळीत दारे दिवसभर उघडी असत हे खरे. पण ती सर्वांसाठी सारखी उघडी नसत, जात आणि गाव पाहून उघडत, हेही खरे. आजच्या बंद दारांच्या इमारतींत धर्म, जात आणि ताटातले अन्न विचारून भाडेकरू नाकारले जातात. अशा इमारतीत परवानेला घरच मिळाले नसते, आणि मग ऊवे आपल्या बंद दारामागे संपून गेला असता. परक्याला घर नाकारणारा समाज स्वतःच्या म्हाताऱ्यांचाही घात करतो. अमेरिकन चित्रपटात शेजारीण मेक्सिकोची आहे, हा योगायोग नव्हे. ज्यांना बाहेर ठेवा म्हणून मते मागितली जातात, त्यांच्याच हातून दार उघडले जाते.

पक्षाच्या कामात जन्म घालविलेला, वयपरत्वे चिडखोर झालेला, पत्नीच्या मागे एकटा राहिलेला कार्यकर्ता प्रत्येक शहरात आहे. सभेत तो नियमावर बोट ठेवतो म्हणून तरुण कंटाळतात आणि त्याला बोलावणे बंद करतात. त्याची आठवण होते ती शोकसभेच्या दिवशी. ऊवे गेला तेव्हा त्याने बडेजाव करू नका असे लिहून ठेवले होते, तरी तीनशेहून अधिक माणसे आली. ती आली कारण आधी काही वर्षे ती त्याच्या दारी जात होती, शिडी मागावयास, सायकल दुरुस्त करून घ्यावयास. तरुण कार्यकर्त्याने अशा वृद्धाकडे जावे, ते विचारपूस करण्यासाठी नव्हे. शाखेचे हिशेब तपासून द्या, जुन्या लढ्याची कागदपत्रे लावून द्या, वस्तीतल्या मुलांना गणित शिकवा, असे काही मागण्यासाठी जावे. तो आधी खेकसेल. त्या खेकसण्याने परत फिरू नये.