पुन्हा पहिलीत



‘खेळ आणि जीवन’ या विषयावर चार शब्द बोलावेत, असा मला हुकूम आहे. परंतु अल्लीपूरच्या ज्या काळ्या मातीत मी पहिली कुस्ती मारली, तिच्यावरच मांडव घालून मला खुर्ची दिलेली, आणि ज्यांच्या छडीच्या धाकाने आम्ही दप्तरात लंगोट लपवीत असू, ते माझे गुरुजी पहिल्या रांगेत बसलेले. तेव्हा विषयाचे सूत्र हातून निसटले, तर क्षमा असावी.

आपल्या हिंगणघाटच्या कापसाला एके काळी विलायतेच्या बाजारात नाव होते. त्याच विलायतेच्या उत्तर भागातले गिरण्या-खाणींतले मजूर रग्बी खेळत आणि खेळापायी बुडालेल्या रोजाची भरपाई मागत. ती नाकारली गेली, तेव्हा १८९५ साली हडर्सफील्ड येथे तिकडच्या संघांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. मूळच्या खेळात, म्हणजे रग्बी युनियनमध्ये, पंधरा गडी, लीगमध्ये तेरा. युनियनमध्ये गडी पाडल्यावरही चेंडूसाठी झोंबाझोंबी चालते, लीगमध्ये सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिपक्षाला. बाकी नियमांची जंत्री राहू द्या. मागची पोट्टी आताच जांभया देऊ लागली आहेत.

पैशासाठी लीगकडे गेलेल्यास युनियनचे द्वार बंद होई. हे ठाऊक असूनही वेल्सचे नेतृत्व केलेला जोनाथन डेव्हिस १९८९ साली विडनेसच्या लीग संघात गेला आणि नव्या खेळाच्या पहिलीत बसला. १९९५ साली युनियननेच पैशाला मान्यता दिली, तेव्हा तो सन्मानाने परतला. आपले खाशाबा जाधव मातीतले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला अनोळखी गादीवर उतरले आणि सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. समोर बसलेल्या शिक्षकवृंदाने हे विशेष ध्यानी घ्यावे!

म्हणून मुलांनो, पुन्हा पहिलीत बसायला लाजू नका. कॉलेजात, कचेरीत, शेतात, जिथे नियम बदलतील तिथे बदललेल्या नियमांना शिव्या देण्याआधी पुन्हा पहिलीत बसा.

हे मी अधिकाराने सांगत नाही, अपराधी म्हणून सांगतो. मातीत सलग तीन वर्षे अजिंक्य राहिलेला मी नागपूरला प्रथमच गादीवर उतरलो आणि एका पोरसवदा मुलाकडून गुणांवर हरलो. चीतपट न होता हरणे म्हणजे काय, हेच मला उमगेना. त्या रात्री गुरुजी म्हणाले, “उद्यापासून त्या मुलाबरोबर सराव कर, पुन्हा पहिलीत बस.” मी लाजलो, लंगोट खुंटीला टांगला, तो कायमचा, आणि तीस वर्षे कचेरीत इमानेइतबारे दप्तर सांभाळले.

गुरुजी, पन्नास वर्षांचा उशीर झाला खरा; पण धडा पाठ झाला आहे, एवढे तुम्हाला म्हणून दाखवायलाच आज आलो होतो.