बालकांचे जन्मजात हृदयदोष
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी दुखण्याचा विषय काढावा की नाही, अशी शंका मनात आली होती. परंतु जन्मास येणाऱ्या सुमारे दर १०० बालकांपैकी एकाच्या हृदयरचनेत काही ना काही उणीव असते, हे ध्यानी घेतले म्हणजे हा विषय कोणत्याच घराला परका उरत नाही.

हृदयाच्या उजव्या भागातील अशुद्ध रक्त फुप्फुसांत जाते आणि शुद्ध होऊन डाव्या भागात येते. या दोहोंमधील पडदा गर्भावस्थेच्या आरंभीच्या आठवड्यांत तयार होतो. त्यात मोठे छिद्र राहिले, तर फुप्फुसांवर रक्ताचा भार पडतो. असे मूल दूध पिताना दमते, घामाघूम होते, त्याचे वजन वाढत नाही. दुसऱ्या प्रकारात अशुद्ध रक्तच शरीरभर फिरते. ओठ व नखे निळसर दिसतात आणि थोडे धावताच मूल उकिडवे बसते.

अशा निळ्या बालकांना पूर्वी उपाय नव्हता. १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डॉ. हेलन टॉसिग यांच्या कल्पनेनुसार डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली. तिची प्रयोगशाळेतील पूर्वतयारी व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाची होती. त्याच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती; तरीही शस्त्रक्रियेच्या वेळी तो ब्लेलॉक यांच्या मागे उभा राहून सूचना देत होता.

आज उपाय आहेत. उणीव आहे ती वेळेवर जाण्याची. लहान छिद्रे पुष्कळदा आपोआप बुजतात. पडद्याच्या खालच्या भागातील मोठे छिद्र मात्र बहुधा पहिल्या वर्षातच बंद करावे लागते. विलंब झाला तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात, आणि मग ते बुजविणेच घातक ठरते.

हा विलंब का होतो? मुलगी असली की, "छातीवर व्रण राहील, पुढे सोयरीक कशी जुळणार?" हा प्रश्न आधी येतो. ग्रहणात सुरी हाती धरली म्हणून सुनेला बोल लावला जातो. बंधूंनो, ग्रहणाचा यात काडीचाही संबंध नाही. गरोदरपणी रुबेला होणे, आईचा अनियंत्रित मधुमेह, जवळच्या नात्यातील विवाह यांमुळे धोका वाढतो. पुष्कळदा तर कोणतेच कारण सापडत नाही. मामेबहिणीशी लग्न लावण्याची प्रथा आपण चालवितो, तेव्हा याचाही विचार व्हावा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांचीही सोय केली जाते. तरी मोठ्या शहरी राहण्याजेवणाचा खर्च गरीब कुटुंबास झेपत नाही. आपण विद्यानिधी उभारतो, वधूवर-सूची छापतो. त्याचबरोबर अशा कुटुंबांसाठी अल्पसा निधी मंडळाने काढावा, अशी माझी नम्र विनंती आहे. ज्या सूचीत मुलीचे नाव पुढे यावे अशी आपली इच्छा असते, त्या सूचीपर्यंत ती आधी पोहोचली पाहिजे.