खिशातील दवंडी

(लातूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कळवावा म्हणून चालकांचे पत्र आले, तेव्हा मी उत्तरादाखल ‘भ्रमणध्वनीत रेडिओ असावा की नसावा’ एवढेच शब्द लिहून धाडले; आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापैकी एका तरुण गृहस्थांनी मला फोन करून अदबीने विचारले, की विषय चांगला आहे, परंतु त्यावर तासभर बोलण्याजोगे काही आहे काय? त्यांची शंका गैर नव्हती. ज्या वस्तूत छायाचित्रण, पेढीचे व्यवहार, पंचांग, नकाशा आणि साऱ्या गावाची उठाठेव सामावली आहे, तिच्यात आजोबांच्या काळची आणखी एक खुंटी ठोकावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. लातूरच्या माणसाला मात्र तो तेवढाच वाटू नये, आणि का वाटू नये ते सांगण्यासाठी मला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेकडे जावे लागेल.

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे उशिरा अंथरुणाला टेकली होती. 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाचे परिमाण 6.2 होते, म्हणजे जगाच्या काही भागांत ज्याने भिंतींना तडे जावेत आणि वर्तमानपत्रात चार ओळी याव्यात एवढेच. परंतु चिखलात रचलेल्या काळ्या दगडांच्या रुंद भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवीत गेलेले माळवद, जे उन्हाळ्यात गारवा देते म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या अभिमानाने मिरविले, तेच निजलेल्या माणसांवर उतरले, आणि किल्लारी, सास्तूर व भोवतालच्या गावांत सुमारे 10,000 माणसे गेली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात किल्लारीला धक्के बसले होते, लोक भयाने उघड्यावर निजू लागले होते, आणि धक्के ओसरल्यावर पुन्हा माळवदाखाली गेले होते, ही गोष्ट आठवली की आजही जीव कासावीस होतो.

त्या वेळी आपल्या देशात भ्रमणध्वनी नव्हता. तो 1995 च्या जुलैअखेर आला. भूकंपाच्या वेळी मी लातुरात राहत होतो. आमच्या गल्लीत त्या सकाळी घरात शिरण्याची कोणाचीच छाती होईना, आणि सारी गल्ली एका निवृत्त गुरुजींच्या ओट्यापुढे, त्यांच्या कातडी म्यानातल्या ट्रान्झिस्टरभोवती गोळा झाली होती. सेल उतरत आले होते. गुरुजी पाठीमागचे झाकण उघडून पुढचा सेल मागे आणि मागचा पुढे करीत, आवाज थोडा वर येई, पुन्हा बसे. आणि प्रत्येक वेळी आवाज बसला की पन्नास माणसे आपोआप एक पाऊल पुढे सरकत. त्या माणसांना भूकंपाचे परिमाण नको होते. कोणते गाव राहिले, कोणता रस्ता खुला आहे, सोलापूरच्या इस्पितळात कोणाला नेले, आणि मुख्य म्हणजे आज रात्री पुन्हा मोठा धक्का बसणार अशी जी वर्दी कोणा अज्ञात इसमाच्या हवाल्याने गल्लोगल्ली फिरत होती ती खरी की खोटी, एवढेच त्यांना हवे होते.

यंत्रशास्त्रात न शिरता जो भेद मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो असा, की फोन हा स्वभावतः पत्र आहे आणि रेडिओ ही दवंडी आहे. पत्र एकाचे एकाला जाते. हजार माणसांनी एकाच घटकेला हजार पत्रे टाकली तर टपालपेटी तुंबते. चावडीपुढे उभा राहून हलगी वाजविणाऱ्या कोतवालाचे तसे नाही. ऐकणारे दहा असोत की दहा हजार, हलगीला त्यांचे ओझे होत नाही. 21 मार्च 2024 रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 परिमाणाचा धक्का बसला आणि तो नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हा नांदेडला राहणाऱ्या माझ्या भाचीला मी सहा वेळा फोन लावला आणि सहाही वेळा एका सुस्वर बाईने मला थोड्या वेळाने प्रयत्न करण्याचा उपदेश केला. त्या दिवशी कोणाचा केसही वाकडा झाला नव्हता. केवळ साऱ्यांनी एकदम पत्रे टाकली होती.

आपल्या मुलखाचा आणि नभोवाणीचा संबंध तसा जुना आणि मोठा चमत्कारिक आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या शरणागतीची वार्ता हैदराबादच्या नभोवाणीवरून बाहेर पडली आणि मराठवाड्याचे भवितव्य त्या एका सायंकाळी, एका ध्वनिक्षेपकापुढे बदलले. उलट 1956 च्या आरंभी खेड्यांतील शेतकऱ्यांचे श्रोतृगट बनवून रेडिओवर शेतीची चर्चा घडविण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग पुणे केंद्राने केला, तो पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या बाजूच्या गावांत झाला; आपण त्या वेळी हैदराबाद राज्याच्या कागदांत होतो, सबब आपल्या वाट्याला तो आला नाही. पुढे परभणीचे केंद्र 1305 किलोहर्ट्झवर बोलू लागले आणि मराठवाड्यातल्या शेताच्या बांधावर त्याने आपले आसन मांडले. त्या काळी रेडिओ बाळगण्यास परवाना लागे आणि त्याची फी दरसाल टपाल कचेरीत भरावी लागे, हे आजच्या तरुणांना सांगितले तर ते थट्टा समजतात.

आता बाजारात येऊ. गेल्या वर्षी मी नवा फोन घ्यावयास गेलो आणि दुकानातल्या मुलाला त्यात रेडिओ आहे काय असे विचारले. त्याने माझ्याकडे, मी जात्याचा खुंटा मागितल्यासारखे पाहिले आणि म्हणाला, “काका, ॲप टाकून देतो की, सगळ्या दुनियेचे रेडिओ लागतेत.” लागतात खरे, पण ते इंटरनेटवरून लागतात, म्हणजे मोबाइलचा मनोरा बंद पडला की दुनियेसकट बंद पडतात. त्याच दुकानात, काचेच्या खालच्या फळीवर, अगदी हलक्या किमतीचे बटनांचे फोन मांडले होते आणि त्या साऱ्यांत एफएम होते. पंधरा-वीस हजारांच्या वस्तूत जे नाही ते हजार-दीड हजारांच्या वस्तूत आहे, हे पाहून मी चकित झालो.

चौकशी करता असे कळते, की पुष्कळ महाग फोनांतही ते असते. वाय-फाय, ब्लूटूथ आणि एफएम ही तिन्ही कामे करणारी एकच चिप अनेक यंत्रांत बसविलेली असते; फक्त तिसऱ्या कामाचे दार बाहेरून कडी लावून बंद केलेले असते. उरते अँटेनाचे. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे 3 मीटर, तिच्या चतुर्थांशाएवढी तरी तार हवी. म्हणून कानात घालावयाच्या बोंडांची वायर हीच अँटेना म्हणून वापरण्याची सोय पूर्वी केलेली होती. मग बिनतारी बोंडांची टूम निघाली, फोनाचे वायर खोचण्याचे भोक बुजले आणि त्याबरोबर अँटेनाही गेली. 2017 मध्ये मारिया वादळाने पोर्तो रिकोतील दळणवळण कोलमडले, तेव्हा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी ॲपल कंपनीस एफएम सुरू करण्याची जाहीर विनंती केली, तर कंपनीने उत्तर दिले की आमच्या आयफोन 7 आणि 8 मध्ये ती चिपही नाही आणि अँटेनाही नाही, मग सुरू काय करावे? कडी काढता येते. भिंतच घातली असेल तर काढावयाचे काय?

आपल्या केंद्र सरकारने 2023 च्या एप्रिलअखेर फोन बनविणाऱ्यांच्या संघटनांना लिहिले, की जेथे एफएमची सोय यंत्रात आहे तेथे ती बंद करू नये. त्याच वर्षी दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही त्याच आशयाची शिफारस केली. परंतु सरकारचे ते पत्र सल्लापत्र आहे, फर्मान नव्हे, आणि सल्ल्याला मुदत नसते. परवान्यावाचून रेडिओ ऐकणाऱ्यास दंड करणारे सरकार आज रेडिओ ठेवा हो म्हणून कारखानदारांची मनधरणी करीत आहे, यात कालचक्राचा विनोद आहेच. पण माझे मत विचाराल, तर मनधरणीचे काम नाही. ज्या देशात मोटारीला दिवे असावेत हे कंपनीच्या मर्जीवर सोडलेले नाही, तेथे दीड-दोनशे ग्रॅमच्या यंत्रात एक कडी उघडी ठेवण्याची सक्ती करण्यास इतका संकोच का वाटावा?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. 2023 मध्येच आपणांपैकी अनेकांचे फोन एकाएकी किंचाळले आणि पडद्यावर चाचणीचा इशारा झळकला, हे आपणांस स्मरत असेल. मनोऱ्यावरून त्या टापूतील साऱ्या फोनांना एकदम संदेश देण्याची ही पद्धत आहे. ती खरोखर दवंडीच आहे, पत्रांप्रमाणे ती तुंबत नाही, आणि झोपलेल्या माणसाला ती उठविते. रेडिओ बंद असेल तर तो कोणालाच उठवू शकत नाही. तेव्हा इशारा द्यावयाचा असेल तर ही पद्धत श्रेष्ठ, हे मी विनातक्रार मान्य करतो. पण तिलाही उभा मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, वीज गेल्यावर बॅटरी आणि बॅटरी सरल्यावर डिझेल लागते. आणि ओढ्यांनी रस्ते तुटलेल्या गावी ते डिझेल कोण नेणार? शिवाय ती चार ओळी सांगते आणि गप्प होते. आपत्तीच्या दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या दिवशी माणसाला चार ओळी पुरत नाहीत. कोणी तरी आपल्याशी बोलत राहिले पाहिजे. नॉर्वेने 2017 मध्ये देशव्यापी वाहिन्यांचे एफएम बंद केले, हा दाखला देऊन जे रेडिओच्या नावाने आधीच पाणी सोडतात, त्यांना एवढेच सांगतो, की नॉर्वेने दवंडी मोडली नाही, हलगी बदलली.

परंतु माझ्या पक्षाची खरी दुखरी जागा ही नव्हे, आणि ती झाकून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. समजा, उद्या प्रत्येक फोनात रेडिओ आला. त्यावर बोलणार कोण? 2025 च्या ऑगस्टात, 17 आणि 18 तारखांच्या दरम्यानच्या रात्री, मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, लेंडी नदीच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव या गावांना पाण्याने वेढले, माणसे दगावली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. पाणी रात्री चढले. आपल्या प्रादेशिक केंद्रांचा रिवाज असा, की शेवटची सभा रात्री अकराच्या सुमारास संपावी आणि पहिली पहाटे सहाच्या आगेमागे सुरू व्हावी. किल्लारीचा भूकंप 3 वाजून 56 मिनिटांनी झाला. म्हणजे ज्या घटकेला दवंडीची गरज, त्या घटकेला कोतवाल घरी निजलेला. शिवाय एफएमचा आवाज दृष्टीच्या टप्प्यात चालतो. डोंगराआड किनवट-माहूरकडे तो कितपत जाईल हे मनोऱ्याच्या उंचीवर अवलंबून, आणि परभणीची मध्यम लहर दूर जाते खरी, पण ती पकडण्याजोगी अँटेना फोनाच्या पोटात मावत नाही. म्हणून माझी मागणी दुहेरी आहे: कारखानदाराने कडी काढावी, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतून, रात्री कोणत्याही प्रहरी, जवळच्या प्रक्षेपकावर बोलण्याची तजवीज सरकारने करून ठेवावी. पहिली मागणी लोकप्रिय आहे. दुसरीविषयी कोणी बोलत नाही, कारण तीत विकण्यासारखे काही नाही.

हे व्याख्यान लिहावयास बसण्यापूर्वी मी एकदा किल्लारीस जाऊन आलो. जुन्या गावठाणात आता झाडोरा माजला आहे. एका ओळखीच्या मुलाचा, भोक असलेला, जुना फोन आणि वायरची बोंडे मी मुद्दाम बरोबर घेतली होती, आणि तेथे उभा राहून काटा फिरवीत, म्हणजे बोट फिरवीत, राहिलो. पुष्कळ खरखर; मध्येच कर्नाटकाच्या बाजूचे एक कानडी गाणे स्वच्छ लागले आणि गेले; मग दूरवरून, पाण्याखालून यावी तशी, मराठी. शेळ्या घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ माझा हा खटाटोप पाहत उभे होते. त्यांनी आपला बटनांचा फोन काढून दाखविला. त्यात रेडिओ होता आणि तो ते रोज दुपारी लावीत असत.

“रातच्याला बी चालू असतंय का हे?” त्यांनी विचारले, “मी कधी लावून बघितलं न्हाई.”

अकराच्या सुमारास बंद होते, असे मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. वायर बोटांभोवती गुंडाळून त्यांनी ती बंडीच्या खिशात ठेवली आणि शेळ्यांना हाक घातली.