विशेषणांचे सोबती

जबलपूर जिल्ह्यातील पाटन हे तहसिलीचे गाव. इंग्रजांनी 1817 साली जबलपूर घेतले, तोवर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या काळी, आणि पुढे नोकरीचाकरीच्या निमित्ताने, पुष्कळ मराठी कुटुंबे या भागात येऊन राहिली. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर घरी मराठी पडते व बाहेर हिंदी. शाळेत इंग्रजी येते, तीही बहुधा हिंदीचे बोट धरून. तीन भाषांत मूल गोंधळेल, या भीतीने वडीलधारी एखादी भाषा कमी करू पाहतात. आणि कमी होते ती घरची. हा सौदा कितपत लाभाचा आहे, याची परीक्षा इंग्रजीतील एका अवघड जागी घेता येते.

ती जागा म्हणजे विशेषणानंतर योजावयाचे शब्दयोगी अव्यय. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी विद्यार्थी विभक्तींचे प्रत्यय घोकीत आला आहे. मराठीत प्रत्यय नामाच्या शेवटी चिकटतो. इंग्रजीत तेच काम नामाच्या आधी उभा राहणारा सुटा शब्द करतो, आणि कोणता शब्द उभा राहावयाचा हे मागचे विशेषण ठरविते. विद्यार्थी मात्र प्रत्ययाचे शब्दशः भाषांतर करतो. 'रामावर रागावलेला' म्हणून तो 'अँग्री'पुढे 'ऑन' लिहितो. तेथे हवे असते 'विथ'. 'पाण्याने भरलेला' म्हणून 'फुल'पुढे 'विथ' लिहितो. तेथे हवे असते 'ऑफ'.

हिंदीच्या वाटेने गेल्यास ही अडचण कमी होत नाही. हिंदीतील एकटा 'से' अनेक कामे करतो. मित्राशी बोलणे, चाकूने कापणे, गावाहून येणे, या तिन्ही ठिकाणी तोच. 'उससे परिचित' आणि 'उससे भिन्न' यांत फरक दिसत नाही. मराठी मात्र 'त्याच्याशी परिचित' आणि 'त्याच्याहून भिन्न' असा भेद करते; आणि इंग्रजीतही 'फॅमिलिअर'पुढे 'विथ' येते, 'डिफरंट'पुढे 'फ्रॉम'. येथे घरची भाषाच वाट दाखविते.

याहून मोठा उपयोग षष्ठीचा आहे. मराठीत मनाची अवस्था पुष्कळदा नामाने सांगतात व त्या नामाचा विषय षष्ठीत ठेवतात: सापाची भीती, मुलाचा अभिमान, शेजाऱ्याचा हेवा, कामाचा कंटाळा, धोक्याची जाणीव, कृत्याची लाज. आता इंग्रजी विशेषणे पाहावीत. अफ्रेड, प्राउड, जेलस, टायर्ड, अवेअर, अशेम्ड. या साऱ्यांपुढे 'ऑफ' येते. 'सापाला भितो' या वाक्यावरून 'ऑफ' सुचत नाही. तेच 'सापाची भीती' असे फिरवून पाहिले की सुचते. त्याचप्रमाणे 'गाण्यात रस' यातील सप्तमीवरून 'इंटरेस्टेड'पुढचे 'इन' आठवते, आणि 'वडिलांवर अवलंबून' यावरून 'डिपेंडंट'पुढचे 'ऑन'.

ही युक्ती आहे, नियम नव्हे. रामाचा राग येतो, तरी 'अँग्री'पुढे 'ऑफ' येत नाही. मराठी माणूस 'आपला आभारी' असतो. इंग्रजीत 'ग्रेटफुल'पुढे व्यक्तीसाठी 'टू' आणि उपकारासाठी 'फॉर' येते. 'गणितात हुशार' असला तरी 'गुड'पुढे 'ॲट' लागते. 'सीनिअर' आणि 'सुपीरिअर' ही मूळची लॅटिनमधील तुलनावाचक रूपे. त्यांच्यापुढे 'पेक्षा' या अर्थाचे 'दॅन' न येता 'टू' येते. 'रामाशी विवाहित' या अर्थी 'मॅरिड'पुढेही 'टू'च हवे.

म्हणून विशेषण एकटे पाठ करू नये. त्याच्या सोबत्यासह, एका छोट्या वाक्यात पाठ करावे. जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी आपल्या सहकाऱ्यांसह परभाषिक विद्यार्थ्यांसाठी शब्दकोश रचला. तो ऑक्सफर्डने 1948 साली प्रसिद्ध केला. शब्दाचा अर्थ सांगून न थांबता तो वाक्यात कसा चालतो हेही दाखवावे, ही त्यामागची दृष्टी. पाटनच्या मुलाने आपल्या वहीत असाच लहानसा कोश करावा. एका बाजूस इंग्रजी विशेषण त्याच्या अव्ययासह, दुसऱ्या बाजूस मराठी वाक्य. जेथे दोन्ही जुळतात तेथे खूण करावी. जेथे जुळत नाहीत तेथे दोन खुणा कराव्यात. मात्र ती दुसरी बाजू भरण्यासाठी घरात मराठी बोलली गेली पाहिजे.