खेळणी नव्हती, चपला होत्या: एडीएचडी-ऑटिझमची तपासणी आणि आपण

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘मानसिक आरोग्य आणि आपण’ असा विषय दिला होता. मी तो लहान करून घेतलाय. एडीएचडी आणि ऑटिझमची तपासणी आपल्यासारख्यांची कशी होते आणि कशी व्हायला हवी, एवढंच बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. माझी तपासणी दोनदा झाली, त्या अनुभवावरून बोलतेय.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आई चौथी शिकलेली. घरातली पहिली पदवी माझी. शाळेत प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, ‘लक्ष नाही’. वर्गात चांगल्या घरचा म्हणून ओळखला जाणारा एक मुलगा होता. तोही माझ्यासारखाच खिडकीबाहेर बघायचा, वह्या हरवायचा. त्याला बाई म्हणायच्या, ‘हुशार आहे, पण चंचल.’ माझ्याबद्दल म्हणायच्या, ‘यांच्या घरी अभ्यास घेणार कोण?’ कारण त्यांना आधीच सापडलेलं होतं. मग दुसरं शोधायचं कशाला?

एमएला मी महाराष्ट्राबाहेर गेले. मेसमधला ताटांचा आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून दुपारी उपाशी राहायचे. पेपर जमा करायची तारीख चार वेळा चुकली. एक प्राध्यापक म्हणाले, ‘कोट्यातून आलेल्यांचं असंच असतं.’ मी ते खरं मानलं. हे सांगताना आजही जड जातं.

सत्ताविसाव्या वर्षी पहिली तपासणी झाली. पन्नास मिनिटं, इंग्रजी फॉर्म. माझ्या लहानपणाची माहिती हवी म्हणून आईला फोन लावला. प्रश्न मीच मराठीत करून विचारत होते. ‘मूल खेळणी रांगेत लावायचं का?’ आई म्हणाली, ‘नाही गं बाई, कुठली खेळणी?’ फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं गेलं. दहावीला 84 टक्के, म्हणजे एडीएचडी नाही. पार्श्वभूमीमुळे आलेला न्यूनगंड आहे, असा निष्कर्ष निघाला.

दोन वर्षांनी दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ भेटल्या. तीन भेटी झाल्या. त्या आईशी स्वतः बोलल्या, मोडक्यातोडक्या मराठीत. खेळण्यांचं नाव न काढता त्यांनी विचारलं, ‘ही लहानपणी घरातलं काय काय मांडत बसायची?’ आई हसायलाच लागली. ‘चपला! पाहुणे आले की बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला लहान-मोठ्या लावायची. कुणी एक हलवली तरी रडून गोंधळ. हिला लग्नाला न्यायची सोय नव्हती.’

मूल तेच होतं, आईही तीच होती. बदलला तो फक्त प्रश्न.

आता नजरेचं बघा. आपल्या देशात ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात 40 बाबी आहेत, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. पहिलीच बाब नजरेला नजर न देण्याची. काही लोकांसमोर मान खाली घालायचं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. विद्यापीठात मी आडनाव सांगायचं टाळायचे, बोलण्याआधी वाक्य मनात तीनदा म्हणून बघायचे. ऑटिस्टिक माणसंही चारचौघांत खपून जाण्यासाठी असंच करतात, त्याला मास्किंग म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

त्या बाईंनी मला विचारलं, ‘हे तुमच्या वस्तीतही व्हायचं का? जात म्हणजे काय हे कळायच्या आधीही व्हायचं का?’ मी विचार केला. हो, व्हायचं. वस्तीत आपल्याच माणसांतही मी अशीच होते. विद्यापीठात त्यावर जात लपवण्याचं ओझं चढलं. त्यांनी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं: ऑटिझम आणि एडीएचडी आहे, आणि जातीय अपमानाचा ताणही आहे. एकामुळे दुसरं पुसलं नाही.

काही नियम माहीत असू द्या. एकाच व्यक्तीला ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असू शकतात, हे डीएसएम या निदान-पुस्तिकेने 2013 च्या पाचव्या आवृत्तीपासून मान्य केलं. एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. म्हणजे मोठेपणी तपासणी झाली तरी पुरावा बालपणाचा लागतो. आणि आपलं बालपण कुणी लिहून ठेवलंय? शेरा मारणाऱ्या शिक्षकांनी. मुलांच्या तपासणीत तर शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात. शिक्षकाच्या मनातली जात तिथून थेट गुणांत उतरू शकते.

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणजे माणसांचे मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने चालतात, हे मान्य करणं. ते मानणारी तपासणी तुमच्यातल्या उणिवांची यादी करून थांबत नाही. तुम्हाला काय जमतं, काय जड जातं, कुठल्या जागी जास्त जड जातं, हे तुमच्याबरोबर बसून लिहिते. माझा कच्चा रिपोर्ट मला वाचायला दिला होता. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मी म्हटलं, मी स्वतःत मग्न नाही, मला समोरच्याचं सगळं एकदम ऐकू येतं. त्यांनी तो शब्द काढला. शेवटी सूचना होत्या: मेसमध्ये गर्दीआधी जेवू द्यावं, मोठं काम तुकड्यांत द्यावं, तोंडी सूचना लेखीही द्याव्यात. औषधाबद्दल मनोविकारतज्ज्ञांना भेटा, असंही होतं. ही काही दैवी देणगी आहे, असं त्यांनी सांगितलं नाही. त्रास आहे, तो लिहिला.

कायद्याचंही थोडं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 3 नुसार कुणाच्या सामाजिक किंवा आर्थिक दर्जावरून मानसिक आजार ठरवता येत नाही. ऑटिझम आणि एडीएचडीला ‘आजार’ म्हणावं का हा वेगळा वाद, पण हे तत्त्व तपासणीच्या खोलीत आपल्या कामाचं आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. त्यांत ऑटिझम आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. मात्र 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाजवी सोयी फक्त 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांपुरत्या नाहीत. विद्यापीठाकडे अर्ज करताना हा निकाल जोडा.

तपासणीला जाणार असाल तर काही गोष्टी करा. मोबाइलवरची दहा प्रश्नांची चाचणी म्हणजे निदान नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. खाजगीत हजारो रुपये लागतात, म्हणून आधी सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग बघा. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस, 14416, मोफत आहे. झोप, थायरॉइड, रक्त कमी असणं, नैराश्य यांनीही लक्ष उडतं, तेही तपासायला सांगा. जातीवरून काय सोसलं आणि कधीपासून, हे लपवू नका. ते ऐकायला तयार नसलेल्या माणसाला तुमची पूर्ण गोष्ट कळणार नाही. शक्य असेल तर उठा, दुसऱ्याकडे जा.

निदानाने माझी नोकरी बदलली नाही, पण ‘कोट्यातून आलेल्यांचं’ हे वाक्य मी आता स्वतःला म्हणत नाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. लोक त्यांना आयुष्यभर ‘घुमा’ म्हणत आलेत. मग म्हणाले, ‘मला कुणी असं विचारलंच नाही.’

म्हणून एक काम देते. आज घरी फोन करा. आईला, आजीला, मोठ्या बहिणीला विचारा, मी लहानपणी कशी होते, कसा होतो? त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. शाळेच्या शेऱ्याशेजारी हीही नोंद राहू द्या.

जय भीम, जय सावित्री.