माजघरातील दुकान आणि कायदा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला निवृत्त शिक्षक. कायद्यावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? तथापि आपल्या ज्ञातीतील कित्येक गृहिणी आज घरचा मसाला, मेतकूट, लाडू भ्रमणध्वनीच्या द्वारे दूरदूर विकू लागल्या आहेत. माझी सूनबाई त्यांपैकीच एक. म्हणून अनुभवाचे चार बोल आपणांपुढे ठेवतो.

गतवर्षी तिच्या मालाची कीर्ती वाढावी या लोभाने मी परक्या नावाने, जणू ग्राहकच, अशी त्या मसाल्याची ऑनलाइन स्तुती लिहिली. सूनबाईंना ते कळताच त्या म्हणाल्या, "मामंजी, दुसऱ्याच्या नावाने पेपर लिहिणाऱ्या मुलाला आपण वर्गात बसू दिले असते का?" मी निरुत्तर झालो. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. मी विक्रेता नव्हे, ही पळवाट मनात आली. परंतु ज्या घरचा माल, त्याच घरचा मी! तो मजकूर मी त्याच दिवशी काढून टाकला.

त्या नियमांचा आणखी एक दंडक असा, की तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि निवारण एका महिन्यात करावे. सदोष माल परत घेण्याचे नाकारता येत नाही.

खाद्यपदार्थ विकणारास, मग तो घरी का करीत असेना, अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी हवी; तिचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. वेष्टनावर करणाराचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत आणि तारीखही असावी. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी सुरू झाला. दुसऱ्याच्या ऑनलाइन पेठेतून परराज्यात माल धाडावयाचा, तर उलाढाल अल्प असली तरी या कराची नोंदणी आवश्यक ठरते. याविषयी जाणत्या करसल्लागारास अवश्य विचारावे.

भगिनींनो, हे सारे जाचक वाटेल. परंतु पूर्वी गिऱ्हाईक दुकानदाराचे तोंड पाहून विश्वास ठेवीत असे. आज त्याला आपले तोंड दिसत नाही, केवळ वेष्टन दिसते. त्या वेष्टनावर सत्य लिहिणे, हीच आपली पत होय.